पंपाचा संप

गेल्या जुलैतली रात्र. घड्याळात दोन. बाहेर पाऊस नुसता झोडपतोय आणि मोबाइलवर आमचे वॉचमनकाका : "साहेब, बेसमेंटात पाणी आलंय. तुमची गाडी..." पुढचं मी ऐकलंच नाही. गाडीचे एकतीस हप्ते बाकी आहेत हो! बर्म्युडावरच खाली पळालो.

खाली गेलो आणि गाडी विसरलो. काका गुडघाभर पाण्यात उभे, एक हात खांबावरच्या स्विचबोर्डवर. खड्ड्यातला पंप नुसता गुणगुणत होता, पाणी उचलत नव्हता. म्हणून काका बटण बंद-चालू, बंद-चालू करून बघत होते. "काका, हात काढा! बाहेर या!" मी किंचाळलोच. वर जाऊन मेन बंद केला. काकांना काही झालं नाही, पण ते निव्वळ नशीब. आणि ते शांतपणे म्हणतात काय, "दर पावसाळ्यात असंच करतो की."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन कोटेशन्स आली. सेक्रेटरीकाकांचा पहिला प्रश्न, "यात स्वस्त कुठलं?" सातव्या मजल्यावरचे म्हणाले, माझी गाडी वरच असते. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे : तू इंजिनीअर ना? सॉफ्टवेअरचा आहे, हे सांगून उपयोग नसतो.

तर मंडळी, संप या शब्दाचा आपल्याला फक्त रिक्षावाल्यांमुळे परिचय. पण बेसमेंटच्या तळाशी पाणी गोळा व्हायला जो खड्डा असतो तोही संपच, आणि त्यातलं पाणी बाहेर फेकणारा तो संप पंप. आमचा जुना पंप मुळात स्वच्छ पाण्याचा, टाकीतलं पाणी गच्चीवर चढवायचा. त्याच्या पोटात निघालं वेफर्सचं पाकीट. रॅम्पवरून चिखल, पानं, पाकिटं सगळंच येणार, तेव्हा गाळ आणि कचरा गिळू शकणारा ड्रेनेजचा सबमर्सिबलच हवा. हा पहिला धडा.

दुसरा धडा डब्यावरच्या आकड्यांचा. इथे भलेभले फसतात. डब्यावर दोन मोठे आकडे असतात : पंप जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो आणि मिनिटाला जास्तीत जास्त किती लिटर फेकतो. पण हे दोन्ही एकदम कधीच मिळत नाहीत! पूर्ण उंचीवर पाणी शून्य, आणि पूर्ण पाणी मिळतं ते उंची शून्य असताना. खड्ड्याच्या तळापासून रस्त्याच्या गटारापर्यंत आमची उंची भरली सहा मीटर. पाइपाचे वळसे, एल्बो यांचा भार वेगळा. म्हणून दुकानदाराला एचपी विचारू नका, आलेख मागा. 'माझ्या उंचीवर किती लिटर?' एवढाच प्रश्न.

आणि किती लिटर हवेत? हे गणित मला जाम आवडलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोब्बर एक लिटर. आमचा उघडा रॅम्प १२० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर कोसळला तर सहा हजार लिटर, म्हणजे मिनिटाला शंभर. रस्त्याचं पाणी आत वळलं तर मात्र कुठलाच पंप पुरणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, आठवतंय ना? म्हणून रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा आणि जाळीची चर आधी, पंप नंतर.

शेवटी घेतले दोन पंप. एक बिघडला तर दुसरा. दोघांना फ्लोट स्विच : पाण्याबरोबर बोंडूक वर आलं की पंप सुरू, खाली गेलं की बंद. दुसऱ्याचं बोंडूक थोडं उंचावर. पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर फेकलेलं पाणी परत खड्ड्यात. लाइन लिफ्टसारखीच जनरेटरवर, कारण वीज नेमकी धो-धो पावसातच जाते. (जनरेटर बेसमेंटात ठेवणाऱ्या सोसायट्याही मी पाहिल्यात!) आणि ज्यासाठी मी मीटिंगमध्ये तासभर भांडलो ते : स्विचबोर्ड खांबावरून काढून वर काकांच्या केबिनजवळ आणि त्याला गळतीचा करंट ओळखून तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर. "त्याची काय गरज?" असं विचारणाऱ्यांना मी एकच म्हटलं, त्या रात्री पाण्यात तुमचा मुलगा असता तर?

कोटेशन पास झालं.

पावसाळ्याआधी खड्ड्यात नळीने पाणी सोडून ट्रायल घेतली. आमचं ठरलंय, पंप लागला की अलार्म वाजणार आणि काकांनी मला मिस्ड कॉल द्यायचा. पहिल्याच मोठ्या पावसात पहाटे तीनला आला. मी पुन्हा बर्म्युडावर खाली. काका केबिनमध्ये चहा पीत बसलेले, पाय कोरडे.

"अहो, तुम्ही कशाला आलात? पंप लागला, एवढंच सांगायचं होतं."