पोवळ्यावरचे बिऱ्हाड

हैदराबादला गेलेली आपली मंडळी चारमिनारजवळून मोती आणतात, कुणी पोवळेही आणतात. मराठीत पोवळे, कन्नडमध्ये हवळ. हा खडा नव्हे, समुद्रातल्या इवल्या जीवांनी बांधलेला सांगाडा आहे. अशा सांगाड्यांवर, अगदी खोल समुद्रातसुद्धा, काही बिऱ्हाडकरू राहतात. त्यांतलाच एक बार्नेकल.

कारवार-रत्नागिरीकडच्या खडकांवर पायाला कापणारे पांढरे खडबडीत कवच असते, ते त्याच्याच भाऊबंदाचे. लिनियसने त्याला शिंपल्यांच्या गटात बसवले होते. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याच्या पोहणाऱ्या पिल्लांची माहिती प्रसिद्ध केली आणि तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला ठरला. पिल्लू एकदा डोक्याकडून चिकटले की जन्मभर तिथेच. पुढे पायांनी पाणी ढवळून अन्न तोंडाशी ओढायचे!

पोवळ्यावरच्या बार्नेकलचे नाव ठरवणे मात्र किचकट. पोवळे वाढते तसे त्याचे कवच झाकले जाते, वर फक्त तोंड उघडे राहते. मग तोंडावरच्या झडपा आणि जबड्याचे भाग सुटे करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आता डीएनएही ताडून पाहतात. तो कोणत्या पोवळ्यावर बसला होता, ही नोंद तर हवीच. डार्विनने या प्राण्यांवर 1846 ते 1854 अशी आठ वर्षे घालवली. आपल्याकडे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने खोल समुद्रातून काढलेले बार्नेकल नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी अभ्यासले. 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते पहिले संचालक.

समुद्र नसलेल्या हैदराबादेत 1999 पासून ‘इन्कॉइस’ हे महासागर माहिती केंद्र आहे. उपग्रहांनी मोजलेल्या पाण्याच्या तापमानावरून ते उथळ समुद्रातली पोवळी पांढरी पडण्याचा इशारा देते. पण उपग्रहाला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो. शेकडो मीटर खालच्या अंधारातल्या पोवळ्यावर कोण राहते, हे कुणीतरी नमुना वर आणून भिंगाखाली धरल्याशिवाय कळत नाही.

आणि घाई आहे. खोल समुद्रातली पोवळी फार सावकाश वाढतात. तळ खरवडत जाणारे जाळे ती एका फेरीत मोडते. घराबरोबर बिऱ्हाडही जाते, तेही बिननावाचे. ज्याला नाव नाही, त्याला संरक्षणाच्या यादीत कसे लिहिणार?

म्हणून एक सांगणे. घरात चित्रे नेटकी काढणारी, एकाच किड्याकडे तासभर पाहत बसणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ‘प्राणिशास्त्र घेऊन काय करणार?’ असे विचारू नका. अशा चिकाटीच्या डोळ्यांसाठी समुद्रात पुष्कळ काम पडून आहे.