औषध विकणाऱ्याचाच दाखला किती दिवस चालवायचा?



जिल्हा बैठकीच्या या पत्रकात कापसाच्या भावाऐवजी बेडकांवर संशोधन करणाऱ्या एका परदेशी प्राध्यापकाची हकीगत दिसली म्हणून पान उलटू नका. हा प्राध्यापक ज्या औषधापायी पंचवीस वर्षे भांडला, ते औषध आपल्या ज्वारी-मक्याच्या शेतात जाते. त्याचे नाव ॲट्राझीन. दुकानात ते निरनिराळ्या ब्रँडच्या नावाने मिळते. पेरणी झाली की तण उगवायच्या आत आपण ते ओल्या जमिनीवर मारतो.

का मारतो? हौस म्हणून नव्हे. जून-जुलैत पाऊस लागून राहिला की कोळपे चालत नाही, निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी ज्वारीच्या भावात बसत नाही. बैलजोडी तर निम्म्या गावातून गेलीच. अशा वेळी एकरी काही शे रुपयांच्या पुडीत रान स्वच्छ राहत असेल तर शेतकरी ती पुडी घेणारच. ज्यांनी आयुष्यात कधी खुरपे हातात धरले नाही त्यांनी यावर आम्हाला उपदेश करू नये.

या औषधाचे काम कसे चालते तेही समजून घेऊ. हे औषध मुळांवाटे झाडात चढते आणि उन्हावर अन्न तयार करण्याची पानांची क्रिया बंद पाडते. झाड उपाशी मरते. ज्वारीच्या आणि मक्याच्या अंगात हे विष निकामी करण्याची सोय निसर्गानेच ठेवली आहे, म्हणून ती पिके तगतात. कपाशी, तूर, मूग यांच्यात ती सोय नाही. म्हणूनच ज्वारीत तुरीचे किंवा मुगाचे आंतरपीक असेल तर हे औषध चालत नाही, आणि जमिनीत अंश उरला तर मागून येणारे पीक पिवळे पडते. इतके आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. पण पावसाबरोबर वाहून नाल्यात आणि झिरपून विहिरीत गेलेल्या औषधाचे पुढे काय होते, ते अनुभवाने कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. आणि प्रयोगशाळा कुणाच्या पैशावर चालते, हा आमचा आजचा मुद्दा आहे.

टायरोन हेज हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक. जन्म १९६७ चा, साउथ कॅरोलायनातल्या एका काळ्या कुटुंबातला. लहानपणापासून दलदलीत बेडूक धरायचा नाद. हार्वर्डमध्ये शिकले, १९९३ साली बर्कलीला डॉक्टरेट घेतली आणि तिथेच शिकवू लागले. बेडकाच्या पिल्लाची वाढ कशी होते, त्यातले नर कोणते आणि मादी कोणती हे शरीरातले कोणते रस ठरवतात, हा त्यांचा विषय. बेडूक अंडी पाण्यात घालतो, पिल्लू पाण्यात वाढते, बेडकाची कातडी पाणी शोषून घेते. त्यामुळे पाण्यात काय मिसळले आहे ते सगळ्यांत आधी त्याच्या अंगात दिसते.

ॲट्राझीन १९५८ साली स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने शोधले. पुढे कंपन्यांची विलीनीकरणे होत ते नोव्हार्टिसकडे आणि २००० साली सिंजेंटाकडे आले. या औषधाचा बेडकांवर परिणाम होतो का, हे तपासायला १९९७ साली नोव्हार्टिसच्या पैशावर एक तज्ज्ञमंडळ नेमले गेले. त्यात हेज होते. त्यांना नर पिल्लांच्या वाढीत बिघाड दिसू लागला. पण करारानुसार निष्कर्ष छापायचे की नाही यावर कंपनीचा ताबा होता. २००० साली हेज मंडळातून बाहेर पडले, दुसरीकडून पैसा उभा केला आणि तेच प्रयोग पुन्हा केले. २००२ साली ते छापून आले. पाण्यात दर अब्ज भागांत ०.१ भाग इतके ॲट्राझीन असले तरी काही नर बेडकांच्या पोटात बीजाबरोबर अंडाशयही तयार होते, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी मक्याच्या मुलखातून धरून आणलेल्या रानटी बेडकांतही तसाच बिघाड त्यांना आढळला.

०.१ भाग म्हणजे किती? एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम. तुमच्या विहिरीत तीन लाख लिटर पाणी असेल, तर अशा तेहतीस विहिरींना मिळून चिमूटभर औषध.

२०१० साली त्यांचा पुढचा प्रयोग छापून आला. चाळीस नर बेडूक जन्मापासून २.५ भाग ॲट्राझीन असलेल्या पाण्यात वाढवले. बहुतेकांची नर म्हणून ताकद गेली. दहातला एक चक्क मादी झाला, आणि त्यातल्यांनी इतर नरांशी संग करून अंडी घातली. शरीरातला नराचा रस मादीच्या रसात बदलणारे यंत्र हे औषध जोरात चालू करते, असे हेज यांचे म्हणणे आहे.

कंपनीने हे अमान्य केले. तिच्या पैशावर झालेल्या प्रयोगांत तसा परिणाम दिसला नाही. २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने बेडकांच्या लैंगिक वाढीवर ॲट्राझीनचा वाईट परिणाम होत नाही असा निर्वाळा दिला. हेज यांनी कच्ची आकडेवारी दिली नाही असाही आक्षेप आहे, आणि कंपनीच्या माणसांना त्यांनी लिहिलेली पत्रे शिष्टाचाराला धरून नव्हती हेही खरे. पण पुढे पाणीपुरवठा संस्थांनी लावलेल्या खटल्यात कंपनीचे अंतर्गत कागद उघडे झाले. या एका प्राध्यापकाची पत कशी घालवायची, याची टिपणे त्यांत होती. २०१२ साली कंपनीने चूक मान्य न करता १०.५ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. पाण्यातून ॲट्राझीन काढायचा खर्च म्हणून हजाराहून अधिक पाणीपुरवठा संस्थांना त्यातून पैसे मिळाले.

म्हणजे बघा. औषध विकले कंपनीने, मारले शेतकऱ्याने, आणि पाणी स्वच्छ करायचा खर्च आला गावावर. तिकडची गावे संघटित होती, वकील उभा करू शकली, म्हणून काही पैसे परत आले. आपल्याकडे विहिरीतले पाणी कुणी मोजतच नसेल तर दावा तरी कशाच्या आधारावर लावणार?

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमच्या नावावर भलतेच खपवले जाईल. ॲट्राझीनवर उद्या सकाळी बंदी घाला, अशी आमची मागणी नाही. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचे स्वातंत्र्य असले पाहिजे ही या चळवळीची जुनी भूमिका आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही. बियाणे असो की औषध, सरकारने आमच्या हातातून काढून घेऊ नये. पण स्वातंत्र्य म्हणजे डोळे बांधून विहिरीत उडी मारण्याची मोकळीक नव्हे. मालाचे गुण आणि दोष दोन्ही समोर ठेवा, मग निवड आम्ही करू. गुण सांगायला कंपनीचा माणूस मोटारसायकलवर बांधापर्यंत येतो. दोष सांगायला कोण येतो?

सरकारचा कारभार तर आणखी न्यारा. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा ०.१ भाग आहे. भूजलात ती ओलांडली जाते म्हणून युरोपीय संघाने २००४ साली ॲट्राझीनला मान्यता नाकारली. अमेरिकेत मर्यादा ३ भाग, म्हणजे तीसपट, आणि तिथे औषध चालू आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२० साली २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात ॲट्राझीन होते. २०२३ साली बंदी आली ती मोजक्याच औषधांवर, आणि ॲट्राझीन त्यांत नव्हते. घालायचे ठरवले तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी विचारले नाही, आणि सोडून दिले तेव्हा कारण समजावून द्यायला बांधावर कुणी आले नाही. निंदणीची मजुरी कोण देणार, हा प्रश्न मसुदा काढणाऱ्यांच्या कागदावर नव्हता. विहिरीतल्या पाण्याचा प्रश्न तो गुंडाळणाऱ्यांच्या कागदावर नव्हता.

बेडकाचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. बेडूक शेतातले किडे खातो, हे सांगायला प्राध्यापक नको. आपल्याच देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या, आणि बेडूक घटल्याची ओरड झाल्यावर १९८७ साली ती निर्यात बंद करावी लागली. पण मुद्दा बेडकापुरता नाही. विषाचा हिशेब आधी मांडला नाही की तो माणसांत मांडावा लागतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा ऐकू आले ते काय? हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत प्लास्टिकचा अंगरखा घालून पंप पाठीवर घेऊन दाखवा, असे सांगणाऱ्याला विचारायला हवे होते. त्यातल्या काही पीडितांना २०२० साली दाद मागायला थेट स्वित्झर्लंड गाठावे लागले. तिथेही कंपनीने आरोप नाकारलेच.

म्हणून हेज यांच्या कारकिर्दीतून आम्ही घेतो तो धडा असा: ज्याचा माल आहे त्याच्याच पैशावर झालेली तपासणी ही तपासणी नव्हे, ती जाहिरातीची पहिली ओळ आहे. व्यापाऱ्याचा काटा आपण मान्य करत नाही, काट्याची तपासणी करायला लावतो. मग औषधाच्या बाबतीत कंपनीचा काटा का मान्य करायचा?

पैसा नाही असे सांगू नका. औषधाच्या प्रत्येक डब्यावर आम्ही १८ टक्के जीएसटी भरतो. त्यातला थोडा भाग आमचेच पाणी तपासायला लागला तर कुणावर उपकार होणार नाहीत. माणसे नाहीत असेही सांगू नका. जळगावला १९९० साली विद्यापीठ झाले, २०१८ साली त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. जीवशास्त्र आणि पर्यावरण शिकवणारे विभाग तिथे आहेत. धुळ्याला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आहे. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते आणि जिला शेत पुरते कळत होते, तिचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने एवढे काम अंगावर घ्यायलाच हवे.

बैठकीत ठरावासाठी आम्ही या मागण्या ठेवत आहोत.

एक, तापी, गिरणा आणि पांझरा काठच्या ठरावीक विहिरींचे आणि नाल्यांचे पाणी वर्षातून तीनदा तपासावे: पेरणीपूर्वी, तणनाशक मारल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाला आणि हिवाळ्यात.

दोन, त्याचे आकडे मराठीत छापून ग्रामसभेत वाचून दाखवावेत. इंग्रजी प्रबंधात पुरलेला आकडा आमच्या कामाचा नाही.

तीन, विद्यापीठाच्या प्रत्येक औषध-शिफारशीवर चाचणीचा खर्च कुणी केला ते ठळक छापावे.

चार, कंपनीच्या पैशावर प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकाला निष्कर्ष छापायला कंपनीची परवानगी लागू नये. तशी अट असलेला करार विद्यापीठाने करू नये.

ठराव होईल तेव्हा होईल, आपल्या हातातले आजच करू. पंप विहिरीच्या काठावर किंवा नाल्यात धुऊ नका. ढग भरून आले असताना औषध मारू नका. पुडीवर लिहिल्यापेक्षा जास्त टाकून तण जास्त मरत नाही, पाणी मात्र जास्त नासते. आणि पक्के बिल मागा, पुडीचे कागद जपून ठेवा. वेळ आली तर दाव्याला तोच पुरावा आहे.

भाव मागताना आपण उत्पादन खर्चाचा हिशेब मांडायला शिकलो. तो हिशेब आधी कुणी आपल्या हाती दिला नव्हता, आपणच मांडला आणि मग सरकारला त्यावर बोलावे लागले. पाण्याचा हिशेबही तसाच मांडावा लागेल. बैठकीला येताना आपल्या गावातल्या दोन विहिरींची नावे लिहून आणा. पहिली यादी तिथेच करू.