ब्रेक फेल होत नसतात, मंडळी!

"ब्रेक फेल झाल्याने अपघात" हे वाक्य पेपरात दिसलं की माझं डोकं सटकतं.

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सरळ उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे एका मालवाहू गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या. आधी बातमी आली, ब्रेक फेल. मग पोलीस म्हणाले, ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद केलं होतं. १३ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच कंटेनरच्या अपघातात ८ माणसं गेली. सुरुवातीच्या बातम्यांत पुन्हा तेच, ब्रेक फेल. मी रोज हिंजवडीला याच पुलावरून जातो, एक डोळा आरशात ठेवून.

आता डिग्री मेकॅनिकलची आणि पोट कोडिंगवर, अशातला मी. पण एवढं गणित अजून येतं. ४० टनांचा ट्रेलर १०० मीटर खाली उतरला की जी ऊर्जा सुटते, तेवढ्यात सव्वाशे लिटर पाण्याला उकळी फुटेल. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची कुणी खायची? नुसत्या चाकांच्या ब्रेकने? ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पाय तळाला टेकतो आणि गाडी पळतच राहते. त्यात इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसरही बंद. म्हणजे प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाणार. याला फेल होणं म्हणत नाहीत. ही आपण ब्रेकला घातलेली नापास व्हायचीच परीक्षा आहे.

यावरचा उपाय बहुतेक ट्रकमध्ये आधीच बसवलेला असतो, एग्झॉस्ट ब्रेक. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा मारून बघा, हात अडतो ना? तसंच आहे हे. धुराच्या पाइपातली झडप मिटते, पिस्टनला कोंडलेल्या हवेशी झगडावं लागतं आणि इंजिनच गाडीला मागे खेचतं. अट एकच. गाडी गिअरमध्ये हवी, तीही खालच्या. न्यूट्रलमध्ये त्या बटणाचा उपयोग शून्य.

गेल्या शनिवारी खेड शिवापूरला चहाच्या टपरीवर एका ट्रेलरवाल्या काकांना विचारलं, "काका, उताराला एग्झॉस्ट ब्रेक लावता का?"

"लावतो की. पण पाऊस असला अन् ट्रेलर रिकामा असला की बंद ठेवतो. पुढचा घोडा अडतो, मागचा ट्रेलर ढकलतो, गाडी कात्रीवानी दुमडते."

मी गप्प. हे मला कॉलेजात चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एग्झॉस्ट ब्रेक फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना धरतो, ट्रेलरचे ब्रेक शाबूत हवेतच.

"मग बाकीचे न्यूट्रल का करतात?"

"मालक डिझेल मोजून देतो, साहेब. वाचलं तर आपलं, कमी पडलं तर बी आपलंच."

खरी मेख इथे आहे! आणि गंमत अशी, की तो हिशोबच चुकीचा आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला, की इंजेक्टर डिझेल सोडणंच थांबवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं तरी डिझेल लागतंच. इंजिन बंद केलं तर तेही वाचेल म्हणा, पण गिअरमध्ये ते तसंही जळत नव्हतं. मग वाचवलं काय? शून्य. आणि त्या शून्यासाठी पुलावरची माणसं पणाला.

म्हणून ड्रायव्हरला शिव्या घालून हात झटकणं मला मान्य नाही. जो मालक लिटर मोजतो पण ट्रेलरचे लायनर मोजत नाही, जो "एग्झॉस्ट ब्रेकने इंजिन खराब होतं" अशी थाप मारतो, तो अनेकदा नामानिराळा राहतो. गुन्हा मात्र ड्रायव्हरवर.

हे सगळं मी काकांना तावातावाने समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कप खाली ठेवला.

"मला कशाला सांगता? मालकाला सांगा की."

म्हणून हा लेख. वाचकांपैकी कुणाच्या घरात, नात्यात ट्रान्सपोर्टचा धंदा असेल, तर आज रात्री जेवताना विषय काढा. उद्या सकाळी मी पुन्हा त्याच पुलावर असेन.