शीळफाट्याची जलवाहिनी आणि आपले कोरडे वावर



कोकणातले पाणी समुद्राला वाया जाते, ते सह्याद्री ओलांडून आपल्याकडे आणू, ही घोषणा आता आपल्या चांगलीच ओळखीची झाली आहे. उल्हास आणि वैतरणा या खोऱ्यांतून सुमारे 55 टीएमसी पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याची योजना सरकारने पुढे केली आहे. ऐन पाते-फुलांच्या दिवसांत पाऊस तीन आठवडे दडी मारतो, पाते गळते, ज्वारी पोटरीतच अडकते. हे ज्याने सोसले त्याला पाण्याची बातमी गोड लागणारच. ती कडू करण्याची आम्हाला हौस नाही. पण ज्या खोऱ्यातून हे पाणी यायचे आहे, त्या खोऱ्यात आज पाणी कुठून येते, कुणाकडे जाते आणि त्याचे पैसे कोण मोजतो, एवढे तरी टाळ्या वाजवण्याआधी पाहिले पाहिजे.

फाट्यावर काय दिसते?

उल्हास खोऱ्याच्या खालच्या अंगाला शीळफाटा आहे. कल्याणहून येणारा रस्ता इथे मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. आपल्या गावांतली जी पोरे शेती परवडेना म्हणून डोंबिवली, दिवा, तळोजा भागात कामाला गेली, त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा हा फाटा. 4 एप्रिल 2013 रोजी इथेच बेकायदा उभी राहिलेली इमारत कोसळली आणि 70 हून अधिक माणसे गेली. त्यांत बांधकामावरचे मजूर आणि त्यांची लेकरे होती.

याच रस्त्याने औद्योगिक विकास महामंडळाच्या मोठ्या जलवाहिन्या जातात. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथे शुद्ध होते आणि काटई नाका, शीळफाटा या मार्गाने कारखान्यांना व शहरांना पोचते. वाहिनी फुटली की कळवा, मुंब्रा, दिव्याचे नळ कोरडे पडतात. मग दुरुस्तीची माणसे रात्रीतच धावतात.

बारवी धरण 1972 सालचे. ते महामंडळाचे स्वतःचे आहे. मागणी वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. 2019 साली वाढीव उंचीवर स्वयंचलित दरवाजांनी पाणी अडवले गेले आणि साठा सुमारे 234 दशलक्ष घनमीटरवरून 340 दशलक्ष घनमीटरवर, म्हणजे 12 टीएमसीवर गेला. बुडीत जाणाऱ्या गावा-पाड्यांतल्या लोकांनी वर्षानुवर्षे धरून ठेवले, तेव्हा कुठे घरटी एकाला नोकरी किंवा रोख मोबदला हे सूत्र सरकारने मान्य केले. मागणी सोडली असती तर पाणी त्यांच्या घरात आधी शिरले असते आणि न्याय मागाहूनही आला नसता.

आता आपल्याकडे पाहा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचा पाया 1988 साली पंतप्रधानांच्या हस्ते घातला गेला. अंदाज 372 कोटींचा, वचन अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा मान मिळाला. अंदाजपत्रक आज 25 हजार कोटींच्या पुढे गेले आहे आणि पायाभरणीला 37 वर्षे उलटली, त्या 2025 सालीही कालव्यांची कामे अपुरी होती. आणि जे पाणी साठले, त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून उतरते आहे.

अभियंते तेच, सिमेंट तेच, राज्यही तेच. मग बारवी पुरी होते, उंचही होते आणि गोसीखुर्द का रखडते? आमच्या मते मुख्य कारण एकच. बारवीच्या पाण्याला रोख गिऱ्हाईक आहे. कारखाना हजार लिटरमागे दर देतो आणि तो दर आपल्या मालाच्या किमतीत घालून वसूल करतो. गोसीखुर्दच्या पाण्याचे गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. त्याला आपल्या मालाची किंमत ठरवता येत नाही. ज्या धरणाच्या पाण्याची वसुली होणार नाही, त्या धरणात रस उरतो तो फक्त टेंडरांपुरता. 2012 च्या आर्थिक पाहणीने काय सांगितले? दहा वर्षांत सिंचनावर 70 हजार कोटींच्या आसपास खर्च झाला आणि राज्याचे सिंचित क्षेत्र वाढले 0.1 टक्का!

वरचे पाणी खाली, खालचे पाणी वर

उल्हास खोऱ्याची आणखी एक गोष्ट सोलापूर, मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांनी तरी ऐकावी. उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती राहते ती काही केवळ कोकणच्या पावसावर नाही. मावळात ठोकळवाडीला आंध्रा नदीवर टाटांचे धरण आहे. आंध्रा मिळते इंद्रायणीला, इंद्रायणी मिळते भीमेला. म्हणजे हे पाणी मुळात पूर्वेचे, उजनीच्या वाटेचे. ते डोंगरातून पश्चिमेला वळवून 1922 पासून भिवपुरीच्या वीजघरात सोडले जाते. वीज करून ते उल्हासला मिळते आणि कल्याण, ठाण्याकडच्या पाणीयोजना त्यावर चालतात. टाटांच्या सगळ्या धरणांतून वर्षाला 42 टीएमसीच्या आसपास पाणी भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातून असे घाटाखाली नेण्याची मुभा आहे. मुळशीच्या मावळ्यांनी 1921 साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो याच साखळीतल्या एका धरणाविरुद्ध.

एकीकडे भीमेचे पाणी पाचशे मीटर खाली टाकायचे आणि दुसरीकडे त्याच उल्हास खोऱ्यातले पाणी गोदावरीसाठी पुन्हा तेवढेच वर चढवायचे! भीमा आणि गोदावरी ही खोरी वेगळी आहेत हे आम्हाला कळते. खाली राहणाऱ्यांच्या तोंडचे पाणी काढा, असेही आम्ही म्हणत नाही. त्यांत आपलीच पोरे आहेत. पण नव्या योजनेवर हजारो कोटी घालण्याआधी या जुन्या वळवणीचा फेरविचार का नको, हा प्रश्न दुष्काळी जिल्ह्यांनी विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

'वाया जाणारे पाणी' या शब्दांतही खोट आहे. उल्हासला पाणी अफाट येते ते पावसाळ्याच्या मोजक्या दिवसांत. 26 जुलै 2005 ला बदलापूर-कल्याण बुडाले. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. हा लोंढा काही पंपाने उचलता येत नाही. तो आधी साठवावा लागेल आणि त्यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या आणखी दऱ्या बुडवाव्या लागतील. मुरबाडमध्ये मुंबई परिसरासाठी काढलेल्या काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीविना सुरू झाले. तिथल्या आदिवासींची संघटना न्यायालयात गेली आणि 2012 साली उच्च न्यायालयाने काम थांबवले. मुरबाडच्या आदिवासीचे भाताचे खाचर बुडवून आमचा कापूस भिजवा, असे कोरडवाहू शेतकऱ्याने म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही.

एका एकराचा हिशेब

आता पेन घेऊन बसा. इगतपुरीचा घाटमाथा समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर. पाणी 500 मीटर उचलायचे धरू. हजार लिटर पाणी एवढे उचलायला, पंप-मोटारीची घट धरून, सुमारे 1.8 युनिट वीज लागते. कापसाला पाच सेंटीमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायचे तर एकरी दोन लाख लिटर लागतात. म्हणजे 360 युनिट. सहा रुपये युनिट धरले तर 2,160 रुपये, तेही एका पाण्याचे आणि फक्त उचलण्याचे. वाटेत कालव्यात निम्मे पाणी मुरले-उडाले, तर हाच आकडा 4,300 वर जातो. धरण, बोगदे, कालवे यांच्या भांडवलाचे व्याज वेगळेच.

हे पैसे कोण देणार? शेतकरी देईल म्हणावे, तर 2025-26 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला आणि ऐन वेचणीच्या तोंडावर, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने महागडे पाणी दाखवायचे, ही कसली दानत? सरकार देईल म्हणावे, तर ते पैसा देणाऱ्याचे आधी ऐकते. 2003 च्या राज्य जलनीतीत पाण्याच्या वाटपात उद्योगाचा नंबर शेतीच्या आधी होता. ओरड झाली तेव्हा 2011 साली शेती वर आली. कागदावरचा क्रम पुन्हा फिरवायला कितीसा वेळ लागतो? घाट चढून आलेले पाणी वाटेतल्या पहिल्या श्रीमंत नळाशीच थांबेल, अशी आम्हाला रास्त भीती वाटते.

आता दुसरी बाजू. 700 मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे आपल्या एका एकरावर 28 लाख लिटर पाणी पडते. त्याला वीज लागत नाही, बोगदा लागत नाही. यातले दोन-चार लाख लिटर हाताशी राहिले तर बोंडे भरताना एक-दोन पाणी देता येते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाने 1933 पासून हेच सांगितले आहे. उताराला आडवी पेरणी करा, रब्बीच्या रानात पावसाळ्यातच वाफे पाडा, वेळेवर कोळपून भेगा बुजवा. हे ज्ञान आपल्याला नवे नाही. नडते ते भांडवल. ज्याला उधारीवर सरकी आणावी लागते, तो बांधबंदिस्तीत पैसा कुठून घालणार?

सरकारने हेही आपल्या पद्धतीने करून पाहिले. जलयुक्त शिवारवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असे महालेखापालांनी 2020 साली लिहून ठेवले. तेव्हा 'मोठे धरण वाईट, छोटा बंधारा चांगला' असली शाळकरी वाटणी आम्ही करत नाही. ठेकेदाराच्या सोयीने खोदलेला नाला आणि ठेकेदाराच्या सोयीने बांधलेले धरण, दोन्ही सारखेच कोरडे.

बैठकीत ठराव कोणते?

एक : नवी वळवण योजना मंजूर करण्याआधी शेताच्या बांधावर हजार लिटर पाणी किती रुपयांना पडेल, विजेचे बिल कोण भरणार आणि शेतीचा वाटा कायद्याने कसा राखणार, हे मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावे.

दोन : आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक अपुऱ्या प्रकल्पाचा पाया कधी घातला, खर्च किती झाला, प्रत्यक्ष भिजले किती, याची यादी मागावी. अर्धवट कालवे पुरे झाल्याशिवाय नवा नारळ फोडू देऊ नये.

तीन : ठाणे-कल्याण असो की नागपूर, शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यावे. उल्हास आणि वालधुनीत, नाग आणि वैनगंगेत घाण सोडायची आणि ताज्या पाण्यासाठी दुसऱ्याच्या दऱ्या मागायच्या, हे बंद व्हावे.

चार : कापूस-ज्वारीच्या बाजारात सरकारने पाडापाडी करू नये. आमच्या घामाला दाम मिळाला तर पाण्याचे दाम आम्ही मोजू. फुकट पाणी आम्ही मागत नाही.

बारवीचे पाणी शीळफाट्याला पोचते, कारण तिथे त्याची किंमत मोजणारा उभा आहे. ती किंमत मोजण्याची ताकद आपल्या वावरातल्या मालाला येईल, त्या दिवशी कालवा शेवटच्या चारीपर्यंत आपोआप पोचेल. तोवर घोषणांच्या पुरात पोहायला जाऊ नका. आकडे मागा, लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.