शब्दांचं जॉबवर्क

पूर्वी सेलवासच्या किलवणी नाक्यावरच्या विजेच्या खांबांवर चिकटवलेली असायची, ती जाहिरात आता मोबाइलवर येते. ‘घरबसल्या लिहा, रोज दोन हजार कमवा.’ आमलीतल्या आमच्या सोसायटीत ती एकमेकींना पाठवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. नवरा कंपनीत पाळीवर, मुलं शाळेत, पदवी कपाटात आणि दुपार मोकळी. मी लिहून पोट भरते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ती जाहिरात फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येते. खाली प्रश्न ठरलेला : ‘ताई, हे खरं असेल का हो?’

खरं नसतं. लिहिण्याचं काम द्यायच्या आधी जो नोंदणी फी, ट्रेनिंग फी नाहीतर डिपॉझिट मागतो, त्याच्याकडे काम नसतंच. ती फी हाच त्याचा धंदा. याहून वाईट प्रकार डेटा एन्ट्रीचा. तिथे आधी काही मागत नाहीत. पानंच्या पानं टाइप करून घेतात आणि मग वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस येते : ‘अचूकता ठरल्यापेक्षा कमी भरली, करार मोडला, नुकसानभरपाई भरा.’ कोर्टाचं नाव वाचूनच माणूस गारठतो आणि घरात कोणाला न सांगता पैसे भरून मोकळा होतो. अशी नोटीस आली तर एक रुपयाही भरायचा नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा आणि घरातल्यांना सांगायचं. गुपचूप राहण्यावरच या लोकांचं फावतं.

मग खरं काम कुठे असतं? मोठे बाजार सगळ्यांना ऐकून माहीत असतात. ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या संकेतस्थळांचं २०१३च्या अखेरीस एकत्रीकरण ठरलं आणि २०१५पासून ती जोडगोळी अपवर्क या नावाने चालते. फायव्हर २०१०मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालं. ही दुकानं खरी आहेत आणि त्यांची दलाली उघड लिहिलेली असते. अपवर्कवर बहुतेक कामांसाठी अर्ज करताना ‘कनेक्ट्स’ खर्च होतात आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात. फायव्हर कमाईतले २० टक्के ठेवून घेतं. इंग्रजीत सर्वसाधारण लेख लिहिणाऱ्यांच्या रांगेत तिथे मनिला, नैरोबी आणि सेलवास एकापाठोपाठ उभे असतात, आणि रांग कमी दरवाल्याकडे सरकते. मराठीची रांग पुष्कळ लहान आहे. भाषांतर, सबटायटल, ॲपमधल्या सूचना मराठीत करणं, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणं ही कामं मराठी नीट येणाऱ्याकडेच यावी लागतात.

यावी लागत होती, असं म्हणायला हवं. गूगलच्या भाषांतरात मराठी आली २०१३मध्ये. तेव्हा तिथलं मराठी वाचून आम्ही हसायचो. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हसू मावळलं. ‘केसगळतीवर पाचशे शब्द’, ‘गुढीपाडव्यावर सातशे शब्द’ असली कामं त्यानंतर झपाट्याने आटली. आता येतं ते यंत्राने लिहिलेलं तपासण्याचं काम. देणारा म्हणतो, अर्धं काम झालेलंच आहे, म्हणून दर अर्धा. प्रत्यक्षात मूळ मजकूर वाचायचा, यंत्राचा वाचायचा आणि मग निम्म्याहून अधिक वाक्यं पुन्हा लिहायची. वेळ तेवढाच जातो, कधी थोडा जास्तच. दुसरं नवं काम म्हणजे यंत्राच्या उत्तरांना गुण देणं : हे मराठी बरोबर की ते बरोबर, आणि का. हे काम करायला माझी ना नाही, पण ते टिकाऊ समजून नोकरी सोडू नये.

टिकाऊ वाटतं ते गोष्टींचं काम. गोष्टी प्रसिद्ध करणारं प्रतिलिपी २०१४मध्ये सुरू झालं, ऑडिओबुकवाल्या स्टोरीटेलने २०१७मध्ये भारतात पाऊल टाकलं ते मराठी घेऊनच. ऐकायच्या मालिका लिहिणाऱ्यांना आज मागणी आहे आणि पैसे भागांच्या हिशेबाने मिळतात. भागाभागाने लिहिणं आपल्याला नवं नाहीच. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी १८९०मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’मधून अशीच क्रमशः आली. पुढचा अंक कधी येतो म्हणून वाचकाला ताटकळत ठेवायची विद्या आपल्या घरची आहे.

एवढं सांगून झालं की सोसायटीतल्या मैत्रिणी दर विचारतात. शब्दाला तीस-चाळीस पैसे हा दर मराठी मजकुराला आजही सर्रास सांगितला जातो. हजार शब्दांचे तीनशे-चारशे रुपये. विषय समजून घेऊन, माहिती ताडून, दोनदा दुरुस्त्या करून दिलेल्या हजार शब्दांत दिवस जातो, आणि इथल्या कंपनीत हेल्परची हजेरी याहून जास्त आहे. म्हणून शब्दाचा दर ऐकला की त्याचा दिवसाचा दर करून पाहायचा. मग नाही म्हणायला धीर येतो.

पण मला जे खरं सांगायचं आहे, ते मी एका शेडवाल्याकडून शिकले. आमच्या इमारतीतले एक काका धाग्याचं जॉबवर्क करतात. सुरतेच्या पार्टीकडून पीओवाय येतं, म्हणजे अर्धवट ताणलेला पॉलिएस्टरचा धागा. यांच्या यंत्रावर तो तापतो, ताणला जातो, पीळ घेतो आणि डीटीवाय होऊन बॉबिनवर गुंडाळला जातो. धागा पार्टीचा; यंत्र, वीज आणि कारागिरी काकांची. मोबदला किलोमागे. एका गिऱ्हाइकाने माझे तीन महिन्यांचे पैसे अडकवले होते, ते मी त्यांना सांगत होते. काका शांतपणे चहा पीत म्हणाले, “बेन, पीओ आली होती?” पीओ म्हणजे ऑर्डरचा कागद. नाही. “माल पाठवल्याचं चलन केलं?” नाही. “बिल?” ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, रक्कम लिहून. “मग पार्टीने माल घेतला, हे तू कशावर दाखवणार?”

काका शाळेत फार शिकलेले नाहीत. पण ऑर्डरच्या कागदाशिवाय त्यांच्या शेडमधून एक बॉबिन बाहेर जात नाही. आणि आम्ही पदवीधर लोक ‘पाठवा मॅडम, पैशाचं बघू’ या एका वाक्यावर दहा-दहा लेख पाठवून देतो. पैशाचं आधी बोललं तर समोरचा नाराज होईल, आपण लोभी दिसू, ही धास्ती. दिवाळी अंकाला वर्षानुवर्षं प्रेमापोटी लिहून तो संकोच अंगवळणी पडलेला असतो आणि बाजारातही आपण तोच घेऊन जातो.

काकांनीच मला उद्यमची वाट दाखवली. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा २००६चा आहे, उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासूनची. नोंदणी आधार आणि पॅनवर, घरबसल्या, फुकट होते. सेवा देणाराही त्यात बसतो, म्हणजे लिहिणारा बसतो. दहा कोटींपर्यंतची उलाढाल आता सूक्ष्म धरली जाते. मराठीत लिहून ही मर्यादा ओलांडण्याची चिंता कोणी करू नये. नोंदणी मात्र काम घ्यायच्या आधी केलेली बरी, भांडण झाल्यावर नाही.

याचा उपयोग काय? पैसे किती दिवसांत द्यायचे हे लेखी ठरलं असेल तर ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. शिवाय ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी ते प्रत्यक्ष दिले जातील, त्याच वर्षी तो खर्च कंपनीला आयकरात दाखवता येतो. ही तरतूद आल्यापासून कंपन्यांचे अकाउंटंट मार्चमध्ये उद्यम नंबर स्वतःहून विचारतात. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम : काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. दोन महिन्यांनी ‘क्वालिटी जमली नाही हो’ म्हणणाऱ्याला एवढं एक कलम पुरतं. परदेशी गिऱ्हाइकाला हे लागू नाही; तिथे पैसे आधी संकेतस्थळाकडे जमा करून घेणं हाच मार्ग.

धाग्यात आणि लेखात एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. काकांच्या यंत्रावर चढतो तो धागा पार्टीचा असतो. लेख लिहिणाऱ्याचा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेलं एरवी त्याचंच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच करारांत ‘सर्व माध्यमांत, सर्व जगात, कायमचे’ हे शब्द बारीक टायपात असतात. त्यांच्यावर सही करायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण लेखाचा दर आणि कायमच्या हक्कांचा दर एकच असू नये.

या गावात राहून फुकट कामाविरुद्ध बोलताना मला थोडं जपून बोलावं लागतं. २ ऑगस्ट १९५४ला सेलवास पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालं, त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी कलेच्या वाटेवरची माणसं होती, आणि शस्त्रांसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकर पुण्यात विनामोबदला गायल्या होत्या. पण पुढे साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळालीच पाहिजे म्हणून ठाम उभ्या राहिल्या त्याही लताबाईच, आणि त्यापायी मोहम्मद रफींबरोबरचं गाणं काही काळ थांबलं तरी हटल्या नाहीत. आपण होऊन देणं वेगळं, आणि कोणी आपल्याकडून फुकटात काढून घेणं वेगळं. हा फरक त्यांना पक्का कळत होता.

राहिला प्रश्न काम शोधायचा. त्यासाठी अमेरिकेकडेच बघायला पाहिजे असं नाही. आमच्या इथल्या पिपरिया, मसाट, राखोली, नरोलीच्या औद्योगिक वसाहती पाहा. तिथल्या कंपन्यांची गिऱ्हाइकं महाराष्ट्रात, गुजरातेत आणि बाहेरही आहेत. संकेतस्थळं जुनी, कॅटलॉग अर्धवट, सुरक्षेच्या सूचना कामगाराला वाचता येत नाहीत अशा भाषेत. मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही सहज लिहिणारी माणसं मुंबई-पुण्यात शोधावी लागतात; आमच्याकडे ती जिन्यात भेटतात. त्या कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांना लिंक्डइनवर गाठायचं, त्यांच्याच संकेतस्थळाचं एक पान सुधारून नमुना म्हणून दाखवायचं आणि पुढचं पान ऑर्डर आल्यावर.

ऑर्डर म्हणजे स्टॅम्पपेपर नव्हे. एक ई-मेल पुरतो : काम काय आणि किती शब्दांचं, कधी द्यायचं, दुरुस्त्या किती वेळा, पैसे किती आणि किती दिवसांत, हक्क कोणाचे. समोरच्याने ‘मान्य’ असं उत्तर पाठवलं की लिहायला बसायचं. लेखी मागितलं म्हणून गिऱ्हाईक तुटतं, असं मला सांगतात. तुटतं. पण त्या पाच ओळी वाचून जो पळाला, तो पैसे द्यायच्या वेळीही पळालाच असता. फक्त तोवर आपले दहा लेख त्याच्याकडे गेले असते. आणि बसल्या बैठकीला हजार शब्द लिहिणाऱ्याला स्वतःसाठी या पाच ओळी लिहिणं जड जाऊ नये.