टपावरचा तंबू आणि थंडीचा न्याय

मोटारीच्या टपावर घडीचा तंबू बसवून हिमालयाची वाट धरण्याची हौस अलीकडे महाराष्ट्रातही रुजू लागली आहे. पुण्या-मुंबईहून स्वतःच्या गाडीने लडाख वा स्पिती गाठणाऱ्यांची आता वाण राहिलेली नाही. २०२० च्या ऑक्टोबरात रोहतांगखालचा नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचे दार हिवाळ्यातही उघडले. या हौसेला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. हॉटेलच्या खोलीपेक्षा चांदण्याखालची रात्र ज्यांना मोलाची वाटते, त्यांनी ती अवश्य अनुभवावी. मात्र त्या तंबूत ऊब कशी राखावी याविषयीची प्रचलित समजूत सदोष आहे, आणि हा दोष जिवावर बेतणारा आहे.

महाराष्ट्राचा थंडीशी परिचय बेताचाच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, तर त्याची बातमी होते. एरवी थंडी पडली की अंगणात शेकोटी पेटते आणि चार माणसे तिच्याभोवती बसतात. त्यामुळे थंडी म्हणजे बाहेरून चाल करून येणारा शत्रू आणि अग्नी हे त्यावरचे अस्त्र, अशी कल्पना मनात घट्ट बसलेली असते. वस्तुतः थंडी आत येत नसते. अंगातील ऊब बाहेर जात असते. झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीर सुमारे सत्तर-ऐंशी वॅट उष्णता सतत बाहेर टाकते. तंबूत दोघे असतील तर जुन्या पद्धतीच्या शंभर वॅटच्या दिव्याहूनही अधिक शक्तीची शेगडी तेथे रात्रभर फुकट चालू असते. प्रश्न ती ऊब धरून ठेवण्याचा आहे. घरातल्या आजीची गोधडी हेच काम करीत आली आहे.

टपावरच्या तंबूची अडचण थोडी निराळी आहे. जमिनीवरच्या तंबूखाली निदान वारा वाहत नाही. टपावरच्या तंबूची स्थिती नदीवरच्या पुलासारखी असते. थंड प्रदेशात रस्त्याआधी पूल गोठतो, कारण त्याला वरून आणि खालून असा दोन्हीकडून वारा लागतो. म्हणून अशा तंबूत पहिला विचार पांघरुणाचा नव्हे, तर अंथरुणाचा केला पाहिजे. महागड्या स्लीपिंग बॅगेतील पिसे वा तंतू शरीराच्या भाराने खाली दबले की त्यांतील हवा निघून जाते आणि पाठीखाली त्यांचा उपयोग उरत नाही. तेथे जाड फोमची मॅट आणि तिच्यावर लोकरीची घोंगडी असेल तर रात्र सुसह्य होते. स्लीपिंग बॅगेवर छापलेल्या आकड्यांतही फरक असतो. सुखाने झोप लागण्याचे तापमान वेगळे आणि कशीबशी रात्र निभावण्याचे तापमान वेगळे. खरेदी पहिला आकडा पाहूनच करावी.

दुसरा शत्रू ओलावा. माणसांच्या श्वासातील वाफ तंबूच्या गार कापडावर पाणी होऊन साचते आणि अंथरुणात झिरपते. भिजलेली पिसे ऊब धरीत नाहीत. म्हणून कडाक्याच्या थंडीतही तंबूची वरची झडप थोडी उघडी ठेवावी लागते. हे विपरीत वाटेल, पण गार आणि कोरडी हवा ही कोंदट ओलीपेक्षा बरी. निजताना कोरडे कपडे, कानटोपी, पोटभर जेवण, पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि खडकाच्या वा भिंतीच्या आडोशाला उभी केलेली गाडी, एवढी तयारी बहुतेक प्रवाशांना पुरते.

ही तयारी नसली की माणूस मध्यरात्री आगीकडे वळतो आणि येथेच घात होतो. कोळशाची सिगडी, गॅसची शेगडी वा चालू ठेवलेले इंजिन यांतून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. २०२० च्या जानेवारीत नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले, ते पुन्हा उठले नाहीत. त्यांत चार मुले होती. अमेरिकेचे ॲडमिरल रिचर्ड बर्ड हे ध्रुवप्रदेशांचे जाणते संशोधक. १९३४ साली अंटार्क्टिकावरील एकाकी झोपडीत शेगडी आणि जनित्र यांच्या धुराने तेही मृत्यूच्या दारात पोहोचले होते. लडाखात तर धोका दुणावतो. साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. शिवाय डोकेदुखी आणि मळमळ ही विरळ हवेच्या बाधेची लक्षणे. विषारी वायूचीही तीच. प्रवासी उंचीला दोष देतो आणि शेगडी तशीच जळत राहते.

चांगथांगचे चांगपा पशुपालकही तंबूत चूल पेटवतात, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण याकच्या केसांच्या त्यांच्या तंबूला माथ्यावर धूर जाण्यासाठी मोकळी वाट असते. चूल आणि धुराची वाट यांची ते फारकत करीत नाहीत. ज्वलन बाहेर ठेवून केवळ गरम हवा आत सोडणारे डिझेल हीटरही मिळतात. परंतु त्यांची धुराची नळी तंबूपासून दूर राहिली पाहिजे, आणि विरळ हवेत त्यांचे ज्वलन बिघडते हेही ध्यानी घेतले पाहिजे.

टपावरचे तंबू विकणाऱ्यांनी आणि भाड्याने देणाऱ्यांनी म्हणूनच आपली जबाबदारी ओळखावी. तंबूबरोबर जाड मॅट आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र दिलेच पाहिजे. आत अग्नी पेटवू नये, ही सूचना गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत, मराठीतही, तंबूवर ठळक छापलेली हवी. यंत्राची किंमत तंबूच्या किमतीपुढे नगण्य आहे. प्रवाशानेही निघण्यापूर्वी एक रात्र घराच्या आवारात त्या तंबूत काढून पाहावी. पाठीखाली काय कमी पडते ते तेथेच कळलेले बरे. पँगाँगच्या काठी पहाटे तीन वाजता कळले, तर हात नेमका शेगडीकडे जातो.