मोजणारा दुसऱ्या कामाला गेला तेव्हा



परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. तिथली जुनी चक्राकार बारव तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पायऱ्या गोल वळत वळत खाली पाण्यापर्यंत उतरतात. समजा, त्या बारवेतले पाणी रोज मोजण्याचे काम तुमच्याकडे दिले. उपकरण काही नको. पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात, एवढे मोजून वहीत लिहायचे. दोन महिने तुम्ही नेमाने लिहिलेत, मग तापाने अंथरूण धरलेत आणि पंधरा दिवस वही कोरी राहिली. वर्षअखेरीस कोणी ती वही घेऊन बसला आणि कोऱ्या जागी त्याने शून्य धरले. पाण्याबाहेर शून्य पायऱ्या, म्हणजे बारव काठोकाठ भरलेली, तीही भर वैशाखात!

तुम्हांला हसू येईल. पण हीच चूक शिकलीसवरलेली माणसे करतात, आणि तीही पाण्याच्या बाबतीत नव्हे, रोगाच्या बाबतीत. म्हणून आज भौतिकशास्त्राचा एक शिक्षक आरोग्याच्या विषयात नाक खुपसतो आहे. रोग बरा कसा करावा ते डॉक्टर सांगतील. मला बोलायचे आहे ते मोजणीविषयी, आणि मोजणी हा आमचा रोजचा धंदा आहे.

विषय जरा अवघड जागेचा आहे. परमा, गरमी म्हणजे उपदंश, क्लॅमिडिया, एच.आय.व्ही. हे लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार. आपल्याकडे यांना 'गुप्तरोग' म्हणण्याची रीत आहे. नावच असे, की रोग्याने तो लपवावा. शाळेच्या विज्ञानात लैंगिक आरोग्याचा भाग असतो. तो पाठ तुम्ही वाचला असेल, किंवा गुरुजींनी 'घरी वाचा' म्हणून सोडला असेल. असो. जीवाणू-विषाणूंना लाजलज्जा नसते, तेव्हा त्यांच्याविषयी बोलताना आपणही लाजण्याचे कारण नाही.

आता एक आकडा पाहा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने माहितीच्या अधिकाराखाली दिलेली माहिती एप्रिल २०२२ मध्ये वृत्तपत्रांत आली होती. असुरक्षित लैंगिक संबंधांतून एच.आय.व्ही. झालेल्यांची देशातली नोंद २०११-१२ मध्ये २ लाख ४० हजारांच्या घरात होती, ती २०२०-२१ मध्ये ८५,२६८ वर आली. दहा वर्षांत रोग पुष्कळ आटोक्यात आला, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. औषधे सुधारली, लोक जागे झाले, रोग कमी होतच आला होता. पण ही मोजपट्टी जिथे संपते ते वर्ष कोणते, ते एकदा पाहा. एप्रिल २०२० ते मार्च २०२१! देशभर टाळेबंदी लागली होती ती २५ मार्च २०२० ला. म्हणजे वही लिहिणारा तापाने पडला, नेमके तेच वर्ष.

ही नोंद होते कशी? कोणी माणूस सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जातो. तिथला समुपदेशक त्याच्याशी बोलतो, तंत्रज्ञ रक्त घेतो, आणि दोष आढळला तर रजिस्टरात एक आकडा वाढतो. या साखळीत माणूस घरून निघण्यापासून चाचणीची पट्टी शिल्लक असण्यापर्यंत कितीतरी कड्या आहेत. त्यांतली एक जरी तुटली तरी आकडा वाढत नाही. रोग मात्र होता तिथेच असतो.

२०२० मध्ये जवळजवळ सगळ्याच कड्या एकदम ताणल्या गेल्या. खेड्यातला माणूस अशा रोगासाठी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सहसा जात नाही, कारण तिथला कंपाउंडर ओळखीचा, केसपेपर लिहिणारा भावकीतला. तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो. परभणीचा माणूस नांदेड, जालना गाठतो, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ही वाटच बंद झाली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी एस.टी. पुन्हा सुरू झाली ती २० ऑगस्टला, आणि खासगी वाहनाने जायचे तर सप्टेंबर उजाडेपर्यंत ई-पास लागत होता. त्या पासावर प्रवासाचे कारण लिहावे लागे. आता सांगा, ज्या रोगाचे नावच गुप्त, तो कारणाच्या रकान्यात कोण लिहील?

जो कसाबसा पोचला त्याच्यापुढे दुसरी अडचण होती. रक्त तपासणारे तंत्रज्ञ आणि समुपदेशक यांतले कित्येक जण करोनाच्या कामाला लावलेले होते. यंत्रांचेही तेच. 'ट्रूनॅट' हे गोव्यातल्या एका कंपनीने बनवलेले छोटे यंत्र लहान दवाखान्यांतून क्षयाचे निदान करण्यासाठी बसवलेले होते. एप्रिल २०२० पासून तीच यंत्रे करोनाच्या तपासणीला जुंपली गेली. क्षयाचे आकडे त्यानंतर काय सांगतात? देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. क्षयाचे जंतू एका वर्षात सहा लाख लोकांना सोडून गेले, असे त्या खात्यातल्या कोणीही मानले नाही. ही माणसे सापडायची राहिली, असेच सर्वांनी म्हटले. मग जी शंका क्षयाच्या आकड्यावर घेतली, ती एच.आय.व्ही.च्या आकड्यावर का घेऊ नये?

तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी इथे मला अडवील. "सर, सगळे घरात बसले होते. गाठीभेटी कमी, म्हणजे रोगाचा फैलावही कमी. आकडा खराच उतरला नसेल कशावरून?" शंका रास्त आहे. थोडा भाग खरा असेलही. पण 'रोग कमी झाला' आणि 'शोध कमी झाला' या दोन गोष्टी वेगळ्या काढायला एक युक्ती आहे. दोन रोग असे घ्यायचे, की जे पसरतात एकाच मार्गाने, पण सापडतात वेगवेगळ्या तऱ्हेने.

अमेरिकेतल्या नोंदींत हा प्रयोग आयताच होऊन गेला. क्लॅमिडियाची बाधा झालेल्या बहुतेकांना, विशेषतः स्त्रियांना, काहीच त्रास जाणवत नाही. नेहमीच्या तपासणीत तो योगायोगाने सापडतो. परमा झालेल्या पुरुषाला मात्र बहुधा लघवीला आग होते, पू जातो, आणि तो आपल्या पायांनी डॉक्टरकडे येतो. फैलाव खरोखर घटला असता तर दोन्ही आकडे खाली यायला हवे होते. २०१९ च्या तुलनेत २०२० मध्ये क्लॅमिडिया सुमारे १३ टक्क्यांनी उतरला, आणि परमा सुमारे १० टक्क्यांनी चढला! त्या वर्षी तिथे नेहमीच्या तपासण्या बंद पडल्या होत्या, नमुने घेण्याच्या काड्या आणि रसायने करोनाकडे वळली होती, आणि रोग्याच्या संपर्कातली माणसे शोधून काढणारे कर्मचारीही तिकडेच गेले होते. जो रोग स्वतः बोंब मारतो तो सापडला. जो गप्प बसतो तो सुटला.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गायगर-म्युलर नळी असते. किरणोत्सारी पदार्थातून निघणारे कण ती मोजते. या नळीचा एक स्वभाव आहे. एक कण नोंदवला, की सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, ती आंधळी होते. तेवढ्यात दुसरा कण आला तर तिला त्याचा पत्ताच नसतो. या वेळेला मृतकाल म्हणतात. समजा, नळीने एका सेकंदात २००० कण नोंदवले. मग त्या सेकंदातला पाचवा हिस्सा ती आंधळी होती. २००० कण तिला उरलेल्या चार हिश्शांत दिसले, म्हणून खरे कण २५००. ही दुरुस्ती आमची मुले सहज करतात. कण फारच दाट असले, तर काही गणक इतके गुदमरतात, की काटा उलट खाली येतो. जिथे सर्वांत जास्त धोका, तिथेच काटा शांत!

महासाथीत आरोग्यखात्याच्या गणकाचे हेच झाले. तो एकाच रोगाचे ठोके मोजण्यात गुंतला आणि बाकीच्यांना आंधळा झाला. फरक एवढाच, की नळीचा मृतकाल आम्हांला ठाऊक असतो, म्हणून दुरुस्ती करता येते. दवाखान्याचा मृतकाल कोणी लिहून ठेवला का? कोणते केंद्र किती दिवस बंद होते, कोणता तंत्रज्ञ कोणत्या तारखेला गेला आणि कधी परतला, पट्ट्या किती दिवस संपलेल्या होत्या? माझी तक्रार आहे ती इथे. एप्रिल २०२० मध्ये माणसे इकडची तिकडे हलवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. घराला आग लागली की हाती येईल ती बादली माणूस उचलतो. पण बादली कधी उचलली आणि कधी परत ठेवली, एवढे लिहायला फार खर्च येत नव्हता.

आणखी एक फरक आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. नळीतून सुटलेला कण आपल्या वाटेने जातो, कोणाचे काही बिघडत नाही. न मोजलेला रोगी मात्र औषधाविना राहतो आणि दुसऱ्याला बाधा देतो. उपदंश घ्या. सुरुवातीच्या अवस्थेत पेनिसिलिनचे एक इंजेक्शन त्याला पुरते. गरोदर बाईची तपासणी वेळेवर झाली, तर पोटातले मूल वाचते. तपासणी चुकली, तर मूल मृत जन्मू शकते किंवा जन्मतःच रोगी निपजते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात २०२० मध्ये अशा जन्मजात उपदंशाच्या दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या, आणि २०२२ मध्ये ३७०० हून अधिक. ही वाढ महासाथीच्या आधीपासूनची आहे, सगळे खापर करोनावर फोडता येणार नाही. पण हुकलेल्या प्रत्येक तपासणीने तिला हातभारच लावला असणार.

आपल्याकडे एक चांगली सोय आहे, तीही सांगायला हवी. १९९८ पासून देशभर एच.आय.व्ही.ची पाहणी ठरलेल्या ठिकाणी होते. नेमलेल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रात ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर स्त्रियांचे रक्त नाव न लिहिता तपासतात. इथे छेद आधीच ठरलेला असतो, म्हणून आकड्याला आधार राहतो. तिची सतरावी फेरी २०२१ ची. पण या पाहणीने पाण्याची पातळी कळते, बुडणारा माणूस सापडत नाही, कारण नावच लिहिलेले नसते. त्यासाठी केंद्रातला तंत्रज्ञ आपल्या जागेवरच असावा लागतो. पुढच्या साथीत प्रत्येक केंद्रातला निदान एक माणूस हलवू नये, आणि रोग्यांचा आकडा छापताना शेजारी तपासण्यांचा आकडा छापल्याशिवाय तो छापूच नये, असे माझे मत आहे. महाराष्ट्राचेच पाहा. २०२०-२१ च्या त्या नोंदीत १०,४९८ या आकड्यासह आपले राज्य देशात पहिले होते. यात रोग किती, लोकसंख्या किती आणि तपासणीची तत्परता किती, हे एकट्या आकड्यावरून कोणाला सांगता येईल?

आता एक गणित देतो. आकडे कल्पित आहेत. एका केंद्रात एका वर्षी १००० जणांची तपासणी झाली, २० जण बाधित निघाले. पुढच्या वर्षी साथ आली, ४०० जणांची तपासणी झाली, १२ बाधित निघाले. वर्तमानपत्र म्हणाले, रोग २० वरून १२ वर आला. एक विद्यार्थी म्हणाला, छे, तो २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेला. दोघांचेही ऐकू नका. साथीच्या वर्षी जे ६०० आले नाहीत ते कोण असतील, आणि जे ४०० आले ते का आले असतील, याचा आधी विचार करा, आणि उत्तर वर्गात मांडा. गुरुजींशी वाद झाला तरी हरकत नाही.